निरोप दोनदा, माणूस एकदा

६ ऑगस्ट, मंगळवार

आधी दुरुस्ती. काल मी लिहिलं की मी बाबांना माझं काम समजावून सांगत होते आणि ते मध्येच उठून गेले. ते खरं नाही. ते उठले, टेबलाला वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले आणि म्हणाले, "हं, आता बोल." मी रागात होते म्हणून पुढचा भाग गाळला. त्या बाजूला शेगडी आहे. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे ऐन थंडी, गार वाटलं असेल त्यांना.

चूक झाली तर दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी दुरुस्ती वाचायची, मग बाकीचं, हा बाबांचा नियम. तो मी रेडिओच्या खोलीत शिकले. आमच्या बाजूची शाळा मुलं कमी म्हणून बंद झाली होती, तेव्हा मला वाचायला बाबांनीच शिकवलं, लोकांनी पाठवलेल्या निरोपांच्या चिठ्ठ्यांवरून. नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा तीच.

एकतीस वर्षं बाबा रोज सकाळी सात वाजता बेटांना निरोप वाचून दाखवताहेत. कोण लाँचने येतंय, कोणाचं ऑपरेशन पार पडलं, कोणाची पिठाची गोणी धक्क्यावर पडून आहे. ३० ऑगस्टला ते थांबणार. त्यांच्या जागी वाचायला कोणी तयार नाही. म्हणून नगरपालिकेने मला विचारलं, तू शिकून आली आहेस, निरोप फोनवर पोचतील असं काही करता येईल का. मी हो म्हटलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज निरोपांची वाट चालू झाली. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर चालू झाली, इतक्यात नाचायला नको.

मी वापरतेय ते फ्रेमवर्क जावास्क्रिप्टचं आणि अगदी छोटं आहे, एका बैठकीत वाचून होतं. त्यात एक क्लास, म्हणजे कोडचा एक तुकडा, लिहायचा आणि त्याला एक पत्ता द्यायचा; त्या पत्त्याला वाट म्हणतात. मी क्लासला मनात खिडकी म्हणते. पोस्टातल्यासारखी. एका खिडकीमागे एकच माणूस, आणि त्याला चारच कामं येतात: असलेलं दाखवणं, नवं घेणं, बदलणं, काढून टाकणं. सगळ्या खिडक्यांना जे सारखंच लागतं ते एका मूळ क्लासमध्ये लिहिलं की बाकीच्यांना ते आपोआप मिळतं, परत लिहावं लागत नाही. मला हे फार आवडतं. कोणीतरी आधीच नीट शिकवून ठेवलंय आणि आपण फक्त पुढे चालवायचं, असं वाटतं.

मूळ क्लासमध्ये मी पहिल्यांदा बाबांचा नियम घातला: जे येईल ते दोनदा. बाबा प्रत्येक निरोप वाचतात, मग म्हणतात, "पुन्हा सांगतो," आणि पुन्हा वाचतात. लहानपणी मी विचारलं होतं, का. ते म्हणाले होते, "पहिल्यांदा माणूस आपलं नाव ऐकतो. निरोप त्याला दुसऱ्यांदाच ऐकू येतो." फोनवरही तसंच होतं, मी बघितलंय. एकदा वाजलेला फोन वाऱ्यात कोण बघतं. म्हणून दोनदा.

रोसामेलकाका संध्याकाळी लाँच बांधून माते, आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायला आले. त्यांना बाबांनी सांगितलं की पोरगी वाटा तयार करतेय. काका म्हणाले, "मला न विचारता? खडक कुठेकुठे आहेत ते ठाऊक आहे का हिला?" मी हसले. बाबाही हसले, पण जरा थांबून. काका म्हणाले, "बघ, हल्ली हा असाच. आधी मीच माझ्या विनोदाला हसतो, मग हा हसतो. म्हातारपणी माणूस चिक्कू होतो, हसूसुद्धा मोजून देतो."

१२ ऑगस्ट, सोमवार

दुसरी खिडकी: लाँचच्या जागा. दर गुरुवारी रोसामेलकाकांची लाँच चार बेटांना शिवून शहराकडे जाते. चौदा जागा. इस्पितळाची तारीख असलेली माणसं तीच पकडतात. आजवर लोक रेडिओला निरोप देत, "गुरुवारी एक जागा ठेवा," आणि बाबा वहीत लिहीत. आता फोनवरून नाव द्यायचं आणि शिल्लक जागा बघायच्या.

मूळ क्लासमुळे ही खिडकी वीस ओळींत झाली. चाचणी म्हणून माझंच नाव दिलं. यादीत आलं. यास्ना बारिया, यास्ना बारिया. छान.

१४ ऑगस्ट, बुधवार

बाबांनी एक नवीन टूम काढली आहे. रोज सकाळी रेडिओवर जायच्या आधी ते त्या दिवशीच्या चिठ्ठ्या मला मोठ्याने वाचायला लावतात. समोर खुर्ची घेऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहतात, जीभ कुठे अडखळते ते पकडायला. मी म्हटलं, तुम्हीच वाचा ना, तुम्हाला येतं. ते म्हणाले, "सावकाश. ओठ मिटून बोलू नकोस."

मला ते का करतात ते कळतं. त्यांचा अजून विश्वास नाही.

असायचं कारणही नाही. मी बारा वर्षांची असताना एकदा बाबांना ताप होता आणि त्यांनी मला माइकसमोर बसवलं. दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मी एकीवरचं नाव वाचलं आणि दुसरीवरचा निरोप. लिन्काओ बेटावरच्या एदुविनामावशींना मी सांगितलं की त्यांचा नवरा इस्पितळात गेला. म्हणजे वारला. आणि नियमाप्रमाणे पुन्हा सांगितलं. चाळीस मिनिटांनी बाबांनी तापात येऊन दुरुस्ती वाचली. दुरुस्ती मी वाचायला हवी होती. त्यानंतर मी माइकला हात लावलेला नाही, आणि लिन्काओला गेलेली नाही. बारा वर्षं. ज्या कामात आवाज लागत नाही ते मी शिकले, हे कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते कारण खरं आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार

चालू केलं. बाबांनी रेडिओवर तसं सांगितलं, दोनदा. पहिल्या दिवशी अकरा निरोप आले आणि पोचले. एकाने मला उलट लिहिलं: "काकू आली, मासे मिळाले, देव तुझं भलं करो." मी तो निरोप बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि फोन परत देताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हल्ली ते टेलिफोनसुद्धा उचलत नाहीत. वाजला की मला खुणावतात. कालच म्हणाले, "सगळ्यांना सांग, लिहून पाठवा. लिहिलेलं बरं." माझ्या कामाला हातभार म्हणून म्हणत असतील.

२२ ऑगस्ट, गुरुवार

हे आजच लिहायला हवं.

लाँच सात माणसं घेऊन गेली. सात जागा रिकाम्या. फोनवर सगळ्या बेटांना दिसत होतं: शिल्लक जागा शून्य.

लिन्काओच्या शाळेतल्या बाई सहाजणांची नावं द्यायला बसल्या, शून्य बघितलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. त्या सहांत एदुविनामावशी होत्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना आठ महिन्यांनी तारीख मिळाली होती. आजची.

मला वाटलं लबाडी झाली असेल, कोणी खोटी नावं दिली असतील. यादी उघडली. प्रत्येक नाव दोनदा. निरोपासाठी मूळ क्लासमध्ये घातलेला नियम जागांच्या खिडकीलाही मिळाला होता. मीच तसं लिहिलं होतं.

सगळ्यात वाईट हे, की हे मी आधी बघितलं होतं. १२ तारखेला माझंच नाव यादीत दोनदा होतं आणि मी खाली लिहिलं, छान. ते पान आत्ता उघडून बघितलं. दुसऱ्या कुठल्याही मुलीला ते खटकलं असतं. मी अशा चिठ्ठ्यांवर अक्षरं शिकले जिथे बाबा प्रत्येक नाव दोनदा लिहायचे, वाचताना चुकू नये म्हणून. दोनदा लिहिलेलं नाव मला चुकीचं वाटतच नाही.

रोसामेलकाकांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं नाही. ते म्हणाले, "पोरी, मी नावं वाचत नाही, डोकी मोजतो. यादी चौदाची, डोकी सात. म्हटलं, थंडीने निम्मे घरी बसले. यादीत लिन्काओपुढे शून्य, म्हणून तिकडे वळलोच नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाले, रडू नकोस, मी एकदा पाद्रीबुवांना चुकीच्या बेटावर उतरवून आलो होतो, तिथल्या लोकांनी त्यांना तीन दिवस सोडलं नाही.

मला हसू आलं नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

बाबांनी आज सातला सगळ्यात आधी दुरुस्ती वाचली. मी काचेबाहेर उभी होते. "काल लाँच भरलेली नव्हती. यादी चुकली. चूक आमची." त्यांनी 'आमची' म्हटलं. पुन्हा सांगितलं, तेव्हाही 'आमची'. पुन्हा माझी दुरुस्ती त्यांनीच वाचली.

घरी आल्यावर मी त्यांना कोड दाखवला. त्यांना त्यातलं काही येत नाही, पण मी एका कागदावर खिडक्या काढून दाखवल्या: ही मूळ, या तिच्याकडून शिकलेल्या. त्यांनी एकेका खिडकीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नियम चुकीचा नाही. तो ठेवलास चुकीच्या जागी. निरोप दोनदा सांगायचा असतो, माणूस एकदाच मोजायचा."

मी नियम मूळ क्लासमधून काढला आणि फक्त निरोपांच्या खिडकीत ठेवला. जागांच्या खिडकीला शिकवलं की तेच नाव, तीच लाँच, तोच दिवस पुन्हा आला तर नवीन जागा द्यायची नाही, "तुमची जागा आहे" एवढं सांगायचं. बाबांचं वाक्य त्या ओळीच्या वर टीप म्हणून लिहिलं. सत्तर नावं देऊन चाचणी घेतली आणि यादी बोट ठेवून वाचली, बाबा जशी वही वाचतात तशी.

सगळं बरोबर चाललं. कोड दुरुस्त झाला, एदुविनामावशींचा डोळा नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

लिन्काओला जाऊन आले.

रोसामेलकाकांनी सोडलं आणि म्हणाले, दोन तासांनी येतो, तोवर म्हातारीने तुला खाल्लं नसेल तर घेऊन जाईन. मी सोबत आईने पाठवलेला मिल्काओ, बटाट्याची भाकरी, नेला होता. (आई शहरात इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आहे, शनिवारी घरी येते. काल तिने बटाटे किसता किसता एवढंच म्हटलं, "कोडला माफी मागता येत नाही. तू जा.")

मावशींनी दार उघडलं आणि माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत म्हणाल्या, "कोण गं?" मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "एदेल्मिरोची लेक. आवाज ओळखला. बारा वर्षांपूर्वी ऐकला होता."

मी सगळं एका दमात बोलून टाकलं, जागांचं, यादीचं, आणि ते जुनंही. त्या ऐकत होत्या आणि माते भरत होत्या, अर्धं पाणी बाहेर सांडत. मग बोलायला लागल्या.

म्हणाल्या, त्या सकाळी त्यांनी शेगडी विझवली, काळी शाल काढली आणि नवऱ्याचे बूट पुसायला घेतले, पुरताना पायात घालायला. दुसरा बूट पुसत होत्या तोवर बाबांचा आवाज आला. "मग आठवड्याने तो घरी आला तर बूट चकचकीत. विचारतो, हे काय? मी सांगितलं. त्या दिवसापासून रोज सकाळी उठून हेच: मेलेल्या माणसाला माते मिळेल का? अकरा वर्षं, बाळ. खरंच गेला त्या सकाळीही तेच विचारलं." आणि त्या हसल्या. डोळे पुसत हसल्या, आणि मला कळेना मी काय करू, म्हणून मीही रडत हसले.

मी म्हटलं, तुम्ही बाबांना हे कधी सांगितलं नाहीत?

"त्याला ठाऊक आहे. तो हसायचा. तुला सांगायचं म्हणायचा, पण विषय काढला की तू खोलीबाहेर जातेस म्हणाला."

हे खरं आहे. मी जायचे.

मावशींकडे फोन नाही. असता तरी त्यावरचं दिसणार नाही. त्यांच्या खिडकीत रेडिओ आहे, बाबांच्या स्टेशनवर कायमचा लावलेला, बटणाला दोरा गुंडाळलाय, कोणी फिरवू नये म्हणून. मी मोजत गेले. लिन्काओवर अशी किती घरं असतील? शाळेतल्या बाई म्हणाल्या, एकवीसपैकी चौदा. केतेल्मो बेटावर याहून जास्त.

म्हणजे मी फोनवाल्यांसाठी वाट काढली. बाकीच्यांची वाट ३० तारखेला बंद होतेय.

निघताना मावशींनी विचारलं, "बाप कसा आहे? गेल्या खेपेला आला तेव्हा मी बोलत होते तर सारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हटलं, दात उरलेत का मोजतोय की काय." मी म्हटलं, ते चुका शोधतात, सवय आहे त्यांना.

२८ ऑगस्ट, बुधवार

किटली जळली. बाबा तिच्या शेजारीच पेपर वाचत बसले होते, ती शिट्टी वाजवून वाजवून कोरडी पडली, मी अंगणातून पळत आले. त्यांनी वर बघितलं ते मी समोर आल्यावर. इतके कशात गुंग होते कोण जाणे. शेवटचे दोन दिवस उरलेत, मन थाऱ्यावर नसेल.

चांगली बातमी: आईने इस्पितळात चार खिडक्या हिंडून मावशींसाठी नवी तारीख मिळवली. गुरुवार, ५ सप्टेंबर. जागांच्या खिडकीत मी स्वतः नाव घातलं. एकदाच आलं. तीनदा बघितलं.

आता त्यांना सांगायचं कसं. शाळेतल्या बाईंना मी लिहिलं आहे, त्या सांगतीलही. पण मावशी म्हणाल्या होत्या, "रेडिओवर ऐकलं की खरं."

रेडिओच्या खोलीत बाबांचं सामान आवरायला गेले होते. माइकचा दांडा खाली आलाय, जवळजवळ वीतभर. बसले तर नेमका माझ्या तोंडाशी. मी बाबांना खुणेने दाखवलं. ते म्हणाले, स्क्रू सैल झाला असेल. स्क्रू घट्ट होता. मी तो तसाच सोडला; परवा वाचायला त्यांना वाकावं लागणार.

३० ऑगस्ट, शुक्रवार

बाबांनी शेवटचे निरोप वाचले. वाकून.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते एका निरोपात दोनदा अडखळले. तंत्रज्ञ काचेतून ओरडला की आवाज जरा कमी करा, त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. संपल्यावर त्यांनी निरोप घेतला नाही. चिठ्ठ्या नीट रचल्या, खिळ्याला लावल्या आणि म्हणाले, "एवढेच. पुन्हा सांगतो, एवढेच."

बाहेर रोसामेलकाका उभे होते. त्यांनी बाबांना मिठी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता खडक कोण सांगणार गं आम्हाला?"

१ सप्टेंबर, रविवार

परवा रात्रीपासून हे ठरवतेय आणि पुसतेय. आता शाईने लिहिते.

निरोपांच्या खिडकीला मी आज आणखी एक वाट जोडली. फोनवर जे येईल ते सगळं सकाळी साडेसहाला एका यादीत छापलं जाईल, मोठ्या अक्षरात, एका कागदावर एकच निरोप, म्हणजे दोन चिठ्ठ्या चिकटायला नकोत. नाव दोनदा छापायचं ठेवलं आहे. ते बाबांसारखंच राहू दे.

यादी आहे. वाचणारं कोणी हवं.

स्टेशनवर विचारलं. म्हणाले, सकाळी सातचा तास अजून कोणाला दिलेला नाही, तुझ्या बाबांनी सांगितलं होतं की सोमवारपर्यंत थांबा. का थांबा म्हणाले असतील? काही आवरायचं राहिलं असेल.

बाबांना जेवताना सांगितलं, उद्यापासून मी वाचणार. मी मान खाली घालून बोलले तर ते म्हणाले, "वर बघून सांग." मग मी वर बघून सांगितलं, सावकाश. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "आधी दुरुस्ती."

मी म्हटलं, ठाऊक आहे.

मग त्यांनी एकच गोष्ट मागितली: मी वाचणार ते कागद त्यांच्यासाठीही छापायचे. ते घरी रेडिओशी बसतील, हात रेडिओवर ठेवून, आणि कागदावर बोट ठेवून माझ्याबरोबर येतील. म्हणजे मी कुठे पोचले ते त्यांना कळेल, असं म्हणाले. चुका टिपतील. टिपू देत.

पहिला कागद मी हाताने लिहिला आहे. "दुरुस्ती. २२ ऑगस्टला लाँच भरलेली नव्हती. चूक यास्ना बारियाची. बारा वर्षांपूर्वीची चूकही तिचीच." दुसरा: "लिन्काओच्या सेन्योरा एदुविना, सेन्योरा एदुविना. गुरुवार, पाच तारीख, सकाळी आठ. रोसामेल धक्क्यावर येईल. तुमची जागा आहे." प्रत्येक कागदाखाली लिहिलं आहे: पुन्हा सांगते.

उद्या. सोमवार, २ सप्टेंबर, सकाळी सात वाजता.